भीती आधी जात नाही

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, भीती, चाकोरी आणि नवे अनुभव असा विषय आयोजकांनी मला दिला आहे. या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस बहुधा "घाबरू नका, झेप घ्या" असं सांगतो. टाळ्या पडतात. आपण घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर, त्याच चार मित्रांबरोबर, त्याच टपरीवरचा चहा पितो. म्हणून मी आज कुणाला झेप घ्यायला सांगणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्याला वाटतं, आधी भीती जाईल आणि मग आपण ते काम करू. प्रत्यक्षात माणूस घाबरत घाबरतच ते काम करतो, पुन्हा करतो, आणि चौथ्या-पाचव्या वेळी त्याच्या लक्षात येतं की भीती कधीतरी मागे राहिली. हा क्रम नीट समजला नाही, तर भीती जायची वाट पाहण्यात आपली अख्खी विशी निघून जाते.

आधी आपल्या भीतीकडे नीट पाहू या. मला तिचे तीन प्रकार दिसतात.

पहिली भीती सगळ्या जगाची आहे. चारचौघांत बोलायची, मुलाखतीची, इंग्रजीची, खोल पाण्याची, अनोळखी शहराची. शेजारच्या आळीतल्या मुलालाही ती तेवढीच असते.

दुसरी भीती घरातून येते. "लोक काय म्हणतील?" "आपल्या खानदानात कुणी असं केलंय का?" मुलींच्या वाट्याला ही जास्त येते, पण मुलंही तिच्यातून सुटलेली नाहीत. अब्बांचं गॅरेज किंवा चाचांचं दुकान सोडून दुसरं काही करायचंय, हे घरात बोलून दाखवायलासुद्धा कित्येकांना वर्षं लागतात.

तिसरी भीती आपल्या नावाची आहे. भाड्याची खोली शोधताना फोनवर नाव सांगायच्या आधी आपण क्षणभर थांबतो, ती. रेल्वेच्या डब्यात अम्मीचा फोन आला की सलाम जरा हळू आवाजात करतो, ती. कॉलेजात पहिल्या दिवशी हजेरीत आपलं नाव पुकारलं की किती माना वळतात इकडे लक्ष जातं, ती. कुणी अगदी कौतुकानं म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" आपला जन्म सांगलीचा, आजोबांची शाळा मराठी, आणि तरी त्या कौतुकावर हसावं की काय करावं हे कळत नाही. तो अवघडलेपणाही याच भीतीचा भाग.

ही तिसरी भीती म्हणजे मनाचे खेळ आहेत असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यानं कधी खोली शोधलेली नसते. काही वेळा धोका खरा असतो आणि तो ओळखणं हे शहाणपण आहे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उंट बांधणं म्हणजे सावधगिरी. पण उंट चोरीला जाईल म्हणून माणूस प्रवासालाच निघाला नाही, तर त्याला सावधगिरी म्हणता येत नाही. आपल्याला ठरवायचं आहे ते हे, की आपण उंट बांधतोय की घरीच बसतोय.

या दोहोंतला फरक पुसट कसा होतो, त्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मिश्र वस्तीतली घरं सोडून मुंब्र्याला गेली. त्यांना दोष देता येणार नाही. त्यांनी जळालेली घरं पाहिली होती. मुलाबाळांना घेऊन जिथे रात्री झोप लागेल तिथे माणूस जाणारच. पण त्या घरांत नंतर जन्मलेली मुलं आज पंचवीस-तीस वर्षांची आहेत. शाळा तिथलीच, दोस्त तिथलेच, लग्नाची स्थळं तिथलीच. वडिलांची भीती हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. मुलाकडे तो अनुभव नाही, फक्त भीती आहे, आणि तीही घराच्या किल्लीसारखी वारशानं आलेली. मुंब्र्याचं नाव मी उदाहरणादाखल घेतलं. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक शहरात अशी एक अदृश्य वेस आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या बाजूबद्दलच्या ऐकीव गोष्टी आहेत.

भीतीचा एक स्वभाव आहे. आपण तिला टाळलं की ती त्या वेळेपुरती शांत होते. तुम्ही मुलाखतीला गेलाच नाहीत, तर त्या दिवशी संध्याकाळी खरोखर हायसं वाटतं. मन लगेच नोंद करतं, की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या मुलाखतीची भीती त्यामुळे दुप्पट होते. प्रत्येक टाळाटाळ म्हणजे भीतीला घातलेलं खतपाणी असतं.

मग तिला कमी कसं करायचं? मेरी कव्हर जोन्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये यावर एक छोटासा, पण पुढे फार गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर नावाचा तीन वर्षांच्या आतला एक मुलगा सशाला भयंकर घाबरायचा. पांढरा उंदीर, लोकरी कोट, पिसं, कापूस, काहीही पाहिलं तरी रडायचा. बाईंनी त्याला "ससा काही करत नाही रे" असं समजावत बसण्याचा मार्ग धरला नाही. तो खुर्चीवर बसून आवडीचं खात असताना त्यांनी पिंजऱ्यातला ससा खोलीत आणून ठेवला, तोही लांब. बारा फुटांवर असलेला ससा मुलाला चालायला लागला, मग चार फुटांवरचा, मग तीन फुटांवरचा. सशाला न घाबरणारी दुसरी मुलंही कधी कधी त्याच्याबरोबर खेळायला असायची. असं करत करत शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला, त्याला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. पुढे मानसोपचारात भीतीवरच्या उपचारांची जी पद्धत रुजली, तिचा पाया या प्रयोगात आहे.

हे परदेशातलं संशोधन म्हणून नवलानं ऐकू नका. ही रीत आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तुमचा पहिला रोजा आठवा. सहा-सात वर्षांचं पोर हट्ट धरून बसतं, मलाही रोजा धरायचाय. घरातले त्याला एकदम पूर्ण दिवस उपाशी ठेवत नाहीत. सहरीला उठ, दुपारपर्यंत राहा, मग जेव. पुढच्या वर्षी एखादा पूर्ण रोजा, बहुतेक सुट्टीच्या दिवशी. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले की दादी गोष्ट सांगते, मोठा भाऊ फिरवून आणतो. आणि मगरिबच्या वेळी रोजाकुशाई! नवे कपडे, गळ्यात हार, पाहुण्यांची गर्दी, आणि पहिला खजूर त्या पोराच्या हातात. त्यानंतर रोज्याची भीती म्हणून काही उरत नाही.

यात चार गोष्टी आहेत बघा. पायरी लहान होती. सोबतीला माणसं होती. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा केली गेली. आणि जमल्यावर कौतुक झालं. मानसशास्त्र याहून फार वेगळं सांगत नाही. प्रश्न एवढाच आहे, की रोज्यासाठी जे आपण इतक्या प्रेमानं करतो, ते पोहायला शिकण्यासाठी, भाषण करण्यासाठी, एकटीनं पुण्याला परीक्षेला जाण्यासाठी का करत नाही?

आता एका २१ वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगतो. मोरोक्कोतल्या तंजा शहरातला हा मुलगा १३२५ मध्ये हजला जायला एकटाच निघाला. बरोबर ना दोस्त, ना काफिला. त्याचं नाव इब्न बतूता. आपण हे नाव ऐकतो ते महान प्रवासी म्हणून, आणि मनात कुणीतरी धाडसी, बेडर माणूस उभा राहतो. पण त्यानं स्वतःच्या प्रवासाबद्दल सांगून ठेवलेलं वाचा. वाटेत त्याला ताप भरला. घोड्यावरून पडू नये म्हणून पागोट्याच्या कापडानं त्यानं स्वतःला खोगिराला बांधून घेतलं. तसाच तो ट्युनिसला पोचला. गावातले लोक आलेल्या प्रवाशांना भेटायला बाहेर आले होते. जो तो आपापल्या ओळखीच्या माणसाला सलाम करत होता. याला सलाम करणारं कुणीच नव्हतं. ते एकटेपण सहन न होऊन तो रडायला लागला. एका यात्रेकरूच्या ते लक्षात आलं, तो जवळ आला, त्यानं सलाम केला आणि त्याच्याशी बोलत राहिला.

मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या प्रवासापेक्षा मोठा वाटतो. तो रडला, पण परत फिरला नाही. काही आठवड्यांनी ट्युनिसहून हजला निघालेल्या काफिल्याचा काजी म्हणून याच मुलाची नेमणूक झाली. पुढे सुमारे तीन दशकं तो फिरत राहिला. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या पदरी काजी झाला. आपल्या दौलताबादलाही तो येऊन गेला. नंदुरबारच्या मराठी माणसांबद्दल त्यानं लिहिलंय, त्यांच्या कारागिरीबद्दल, वैद्यकीबद्दल, जेवणातल्या भात-भाजीबद्दल. सातशे वर्षांपूर्वी कुठून कुठे आलेल्या माणसानं नंदुरबार पाहिलं, आणि आपल्यातल्या कित्येकांनी शेजारचा जिल्हा पाहिलेला नाही.

या गोष्टीतला तो सलाम करणारा यात्रेकरू विसरू नका. त्याचं नाव इतिहासाला माहीत नाही. पण कुणाच्या तरी पहिल्या पावलाच्या वेळी सलाम करणारा माणूस व्हायला फार धाडस लागत नाही, आणि त्याचा उपयोग फार दूरवर होतो.

आता चाकोरीकडे येतो. काही जण म्हणतील, ठरलेलं आयुष्य वाईट कशाला? पाच वेळची नमाज ठरलेलीच असते ना? बरोबर आहे. नेम आणि चाकोरी यांत मी फरक करतो. नेम आपण समजून उमजून धरतो आणि तो आपल्याला जागं ठेवतो. चाकोरी आपण निवडलेली नसते. बैलगाडीचं चाक जसं रुळलेल्या चाकोरीतून आपोआप जातं, तसे आपण चालत राहतो. सकाळी उशिरा उठणं, दुपारी मोबाइल, संध्याकाळी नाका, रात्री पुन्हा मोबाइल. यात कुठेच भीती वाटत नाही, कारण काही नवं घडतच नाही. म्हणून चाकोरीतला माणूस स्वतःला निर्भय समजतो.

आणि चाकोरी मोडता येत नाही, असं कृपा करून म्हणू नका. दरवर्षी एक महिना आपण ती मोडतोच. रमजानचा चांद दिसला की रात्रीत आपलं झोपायचं, उठायचं, खायचं वेळापत्रक उलटंपालटं होतं. दहा वाजता अंथरुणातून उठणारा मुलगा पहाटे सहरीला उठतो. तासातासाला सिगारेट ओढणारा दिवसभर तिला हात लावत नाही. म्हणजे ताकद आहे. सगळे मिळून करतात आणि त्याला काही अर्थ आहे, म्हणून जमतं. मग नव्या अनुभवालाही अर्थ आणि सोबत द्या, तोही जमेल. कुरआनात एकापेक्षा अधिक ठिकाणी माणसाला पृथ्वीवर हिंडून पाहायला आणि पाहून विचार करायला सांगितलं आहे. हिंडणं ही आपल्याकडे चैन मानली जाते. मला ती जबाबदारी वाटते.

आता मुलींबद्दल, आणि हे मुलांनी जास्त लक्ष देऊन ऐका. मुलींच्या भीतीतला मोठा वाटा त्यांचा स्वतःचा नसतोच. भावाची, अब्बांची, मोहल्ल्याची भीती त्यांच्या डोक्यावर ठेवलेली असते. मुलगी ग्रंथालयात जायला घाबरत नाही. ती गेल्याचं कुणीतरी घरी येऊन सांगेल, याला घाबरते. इथे तिला "धाडस कर" म्हणण्याआधी भावानं आपलं काम करायचं आहे.

इतिहासात डोकावलं तर हे ओझं झुगारणाऱ्या बाया आपल्याकडेच सापडतात. १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई फुले आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत कामाचा भार तिच्यावर पडला असणार, पण ती तक्रार करणारी नाही, असा विश्वास त्यात आहे. पुण्यात मुलींना शिकवायचं म्हणजे रस्त्यावर शेण-माती झेलायची, असे ते दिवस होते. त्या दिवसांत एका मुस्लिम बाईबद्दल तिच्या सोबतिणीला हा भरवसा वाटत होता.

आणखी ११० वर्षांनी, १८ एप्रिल १९६६ ला, मुंबईत सात मुस्लिम महिला विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. हमीद दलवाईंनी तो मोर्चा काढला होता. एका दमात दिला जाणारा तोंडी तलाक बंद व्हावा, ही त्यांची एक मागणी. त्यांच्या सगळ्या मागण्या पटणारे आणि न पटणारे, दोन्ही तेव्हाही होते, आजही आहेत, या सभागृहातही असतील. तो वाद आज बाजूला ठेवू. मी फक्त त्या सात जणींच्या सकाळचा विचार करतो. सात म्हणजे किती? मोर्चा म्हणायलाही लोक हसतील एवढ्या. रस्त्यावर उतरण्याआधी त्यांची भीती गेली असेल, असं तुम्हाला वाटतं? त्यानंतर ५१ वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयानं एका दमातला तीन तलाक रद्दबातल ठरवला. त्या खटल्यातली अर्जदार शायरा बानो ही उत्तराखंडातल्या काशीपूरची साधी बाई. पहिलं पाऊल टाकणाऱ्याला निकाल पाहायला मिळतोच असं नाही. पण दुसऱ्यासाठी रस्ता थोडा रुळतो.

घरातल्या मोठ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. गारेहिरातून परतल्यावर हजरत मुहम्मद पैगंबर (स.) थरथरत घरी आले आणि अंगावर पांघरूण घालायला सांगितलं, हे आपण सगळे जाणतो. त्या वेळी हजरत खदीजांनी (र.) त्यांना काय विचारलं नाही, ते पाहा. "लोक काय म्हणतील" असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी धीर दिला, त्यांच्यातले चांगले गुण त्यांना आठवून दिले, आणि जाणत्या माणसाकडे, वरकांकडे घेऊन गेल्या. भीती वाटणं हे इमान कमी असल्याचं लक्षण नाही. आणि घाबरलेल्या माणसाला घरातून काय ऐकायला मिळतं, यावर त्याचं पुढचं पाऊल ठरतं.

आता मुद्द्याचं बोलतो. करायचं काय? विमानातून उडी मारायची गरज नाही. मी चार साधे अनुभव सुचवतो. चारही स्वस्त आहेत आणि चारही तुम्हाला वेशीच्या बाहेर नेतात.

एक, एसटीचा प्रवास. एसटीची "आवडेल तेथे प्रवास" ही योजना जुनी आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि हवं तिथे फिरायचं. महिलांना तर मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं भाडं आहे. पहिल्यांदा बहिणीला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्या. दौलताबाद चढा, जंजिरा बघा, कोल्हापूरला जाऊन या. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी बोला आणि नाव विचारलं तर खरं नाव सांगा. दहातली आठ-नऊ माणसं पुढचा प्रश्न "कुठं उतरायचंय?" एवढाच विचारतील.

दोन, गावातलं सार्वजनिक ग्रंथालय. सभासद व्हा, तिथे एखादं व्याख्यान किंवा कवितावाचन असेल तर जाऊन बसा. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसा, काही हरकत नाही. तिसऱ्या वेळी एक प्रश्न विचारा. मराठी आपली आहे, ती कुणाकडून उसनी घेतलेली नाही. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल या कामगारानं डफावर थाप मारून मराठीत गायला सुरुवात केली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंच्या सभा जागवल्या. आपण त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. त्याआधी कित्येक शतकं श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. उद्या कुणी म्हणालं, "तुमचं मराठी छान आहे," तर हसून सांगा, "हो, घरचंच आहे."

तीन, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांना गावोगाव ग्रामसभा होतात. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आपल्या गल्लीतल्या गटाराबद्दल आपण नाक्यावर वर्षभर बोलतो आणि सभेला जात नाही. जाऊन दोन वाक्यं बोला. ती कागदावर लिहून न्या आणि वाचून दाखवा. आवाज कापला तरी इतिवृत्तात शब्द स्पष्टच उमटतात. अठरा पूर्ण झाली असतील आणि यादीत नाव नसेल, तर नमुना ६ भरणं हाच तुमचा पहिला नवा अनुभव समजा.

चार, माहितीचा अर्ज. सरकारी कचेरीची भीती आपल्या हाडात भिनलेली आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं एक गोष्ट दिली, ती म्हणजे दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर प्रश्न विचारायची सोय. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही. एरवी ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शाळेतल्या शिक्षकांची किती पदं रिकामी आहेत, शिष्यवृत्तीचे किती अर्ज प्रलंबित आहेत, असा साधा प्रश्न विचारा. अर्ज दिल्याची पोच हातात घेऊन जिना उतरताना कचेरी आधीपेक्षा थोडी लहान दिसते.

आणखी एक गोष्ट. भीती एकाच बाजूला नसते. अनेक शहरांत आता मशीद परिचयाचे कार्यक्रम होतात. वीस-वीस वर्षं मशिदीशेजारी राहणारी माणसं पहिल्यांदा आत येतात, वुजूची जागा पाहतात, "इथं बसलं तर चालेल ना?" असं दबकत विचारतात. म्हणजे समोरच्यालाही आपल्या दारात यायची भीती वाटत होती. आपण दार उघडलं की एका वेळी दोघांची भीती कमी होते. ईदच्या शिरखुर्म्यासाठी वर्गातल्या त्या एका मित्राला बोलवा, ज्याला आजवर बोलावलं नाही.

करताना चार नियम पाळा. एका वेळी एकच भीती निवडा. तिच्या लहान लहान पायऱ्या करा, पीटरच्या सशासारख्या, बारा फुटांपासून. छातीत धडधडलं की लगेच पळू नका, ते थोडं ओसरेपर्यंत तिथेच थांबा. आणि तीच गोष्ट पुन्हा करा, कारण एकदा केल्यानं फक्त किस्सा तयार होतो, सवय होत नाही. धोका खरा वाटला, तर मात्र माघार घ्या आणि सोबत घेऊन पुन्हा जा. तिथे एकट्यानं मर्दुमकी दाखवायची गरज नाही.

आणि कधी तरी वाईट अनुभव येणार. कुणीतरी नाव ऐकून तोंड फिरवेल, सभेत कुणी हसेल, मुलाखतीत शब्द अडकतील. पीटरचंही तसं झालं होतं. उपचार चालू असताना तो आजारी पडून इस्पितळात गेला. तिथून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला आणि सगळी भीती पुन्हा पहिल्याइतकी झाली. जोन्सबाईंनी प्रयोग सोडला नाही. ससा पुन्हा लांब ठेवला आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. तुम्हीही तेच करा. एका माणसानं तोंड फिरवलं, ही त्या माणसाबद्दलची माहिती आहे. तिच्यावरून अख्ख्या गावाचा निकाल लावू नका. आपल्याबद्दल कुणी तसा निकाल लावतं, तेव्हा आपल्याला किती लागतं ते आठवा.

आज इथून उठण्याआधी एक काम करा. आयोजकांनी तुम्हाला वही दिली आहे. तिच्या शेवटच्या पानावर तुम्ही बरेच दिवस टाळत आलेली एकच गोष्ट लिहा. खाली तिची सगळ्यात लहान पायरी लिहा, येत्या आठवड्यातली तारीख घाला, आणि ते पान शेजारी बसलेल्याला दाखवा. त्यानं त्या तारखेला तुम्हाला फोन करायचा आहे. तुम्ही रडवेले झालेले असाल, तर त्यानं आधी सलाम करावा आणि मग बोलत राहावं.